काचपेटीतला मासा अंग घासू लागला तर...

दावणीची गाय रवंथ करीनाशी झाली, की घरातल्या लहान पोरालाही कळते. शेळी कळपामागे रेंगाळू लागली, की राखणाऱ्याची नजर तिच्यावर जातेच. माशाचे तसे नाही. तो ओरडत नाही, लंगडत नाही. त्याचे दुखणे आपल्या ध्यानात येईपर्यंत पुष्कळदा दुसरा दिवस उजाडतो आणि मासा पाण्यावर उलटा तरंगताना दिसतो.

शोभेचे मासे पाळणे हा आता केवळ शहरातला शौक राहिलेला नाही. गप्पी मासा तर खेड्यापाड्यांतून सर्वांच्या ओळखीचा आहे. डासांच्या अळ्या खातो म्हणून आरोग्य खात्याने तो गावोगावच्या हौदांत नि डबक्यांत सोडला. त्याच गप्पीचे रंगीत भाईबंद, तसेच सोनेरी गोल्डफिश, काळा मॉली, चपटा एंजल, हे मासे आज ओसरीवरच्या काचपेटीत दिसतात. काही घरांतून परसातल्या सिमेंटच्या टाक्यांत असे मासे वाढवून विकलेही जातात. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातील शोभिवंत मासेपालनाचा समावेश झाला, आणि घरच्या बायाबापड्यांना हा एक जोडधंदा मिळाला. तेव्हा टाकीतला मासा हा काही घरी केवळ पोरांचा खेळ असला, तरी काही घरी तो मीठ-मिरचीचा पैसा आहे.

अशा घरांतून आम्हा विस्तार खात्याच्या माणसांना एक प्रश्न हमखास विचारला जातो. "साहेब, माशांना कीड लागलीय. कोणतं औषध टाकू?" या प्रश्नात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. पहिली ही, की दुखणे किडीचेच आहे. आणि दुसरी ही, की ते औषधानेच जाईल. या दोन्ही गोष्टी पुष्कळदा चुकीच्या ठरतात. कपाशीवर कोणती कीड आहे हे न पाहता फवारणी करणारा जसा पैसा मातीत घालतो, तसाच मासा न पाहता टाकीत औषध ओतणारा मासेही घालवितो आणि पैसाही. म्हणून आधी नजर, मग पाणी, आणि सर्वांत शेवटी औषध, हा क्रम या लेखात सांगावयाचा आहे.

नजर कशी ठेवावी?

माशाला खाणे घालण्याची वेळ ही त्याला पाहण्याची सर्वांत चांगली वेळ. निरोगी मासा खाण्यावर तुटून पडतो. त्याचे पर उघडे असतात, अंग स्वच्छ दिसते आणि दोन्ही कल्ले सारख्या चालीने हलतात. रोज दोन मिनिटे टाकीपुढे उभे राहिले, तरी बदल डोळ्यांना टिपता येतो. पुढील खुणा आढळल्या तर सावध व्हावे :

• मासा दगडावर, वाळूवर किंवा टाकीच्या कडेवर झटक्याने अंग घासतो.
• पर अंगाशी मिटून घेतो आणि कोपऱ्यात डुलत राहतो.
• पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करतो, किंवा एकच कल्ला हलवितो.
• अंगावर ठिपके, दोरे, चकत्या किंवा राखी रंगाची साय दिसते.
• खाणे सोडतो, किंवा खाऊनही पाठीला बारीक होत जातो.

या खुणा परोपजीवींच्या असू शकतात. परोपजीवी म्हणजे दुसऱ्या जिवाच्या अंगावर किंवा अंगात राहून त्याच्यावर जगणारा जीव. गुराच्या अंगावरची गोचीड आणि शेळीच्या पोटातले जंत हे आपल्या ओळखीचे परोपजीवी. माशाच्याही वाट्याला असे पाहुणे येतात. परंतु वरील खुणांपैकी पहिल्या तीन खराब पाण्यानेही होतात. म्हणून घाईने निदान करू नये.

दुखणे माशात की पाण्यात?

यासाठी एक साधी कसोटी सांगतो. टाकीतले सगळे मासे, लहान-मोठे, सगळ्या जातींचे, एकाच दिवशी बेचैन झाले, तर दोष बहुधा पाण्यात असतो. एक मासा आजारी, चार दिवसांनी दुसरा, मग तिसरा, असे एकामागून एक होत गेले, तर रोग किंवा परोपजीवी असण्याचा संभव अधिक. ही कसोटी दर वेळी खरी उतरेलच असे नाही, पण सुरुवात तिच्यापासून करावी.

पाणी कशाने बिघडते? ग्रामपंचायतीच्या नळाला टीसीएल पावडर टाकलेली असते. माणसांसाठी ती आवश्यकच आहे. पण त्यातला क्लोरिन माशाचे कल्ले जाळतो. पावसाळ्यात टीसीएलचे प्रमाण वाढते, आणि त्याच दिवसांत "पाणी बदललं आणि मासे तडफडू लागले" अशी तक्रार ऐकू येते. नळाचे पाणी उघड्या भांड्यात निदान एक दिवस ठेवून, हलवून, मगच टाकीत घालावे. घाई असेल तर मत्स्यपेटीच्या दुकानात मिळणारे क्लोरिन मारण्याचे औषध वापरावे. बोअरच्या पाण्यात क्लोरिन नसला, तरी प्राणवायू कमी असतो. तेही काही तास हवेचा पंप लावून मग वापरावे.

दुसरा दोष अमोनियाचा. माशाची विष्ठा आणि उरलेले खाणे कुजून पाण्यात अमोनिया तयार होतो. जुन्या, बसलेल्या टाकीच्या गाळणीत उपकारक जीवाणू असतात. ते या विषाचे रूपांतर कमी घातक पदार्थांत करतात. नव्या टाकीत हे जीवाणू जम बसवायला चार ते सहा आठवडे घेतात. तेवढ्यात हौसेने पंधरा-वीस मासे सोडले, की मासे धापा टाकतात, कल्ले लाल होतात, अंग घासतात, आणि घरचे समजतात की कीड पडली. अमोनिया तपासण्याचे थेंबांचे साधन दुकानात मिळते. ते एकदा घेऊन ठेवावे. चांगल्या टाकीत अमोनिया आढळताच कामा नये.

तिसरा दोष आपल्या घरांत विशेष. फवारणीची बादली किंवा मग मासे धुवायच्या-भरायच्या कामी कधीही घेऊ नये. फवारणी करून आलेल्या हातांनी टाकीत हात घालू नये. काही कीटकनाशकांचा अंशही माशांना मारण्यास पुरेसा होतो.

दोष पाण्यात आहे असे वाटले, तर टाकीतले पाव ते तृतीयांश पाणी मुरवलेल्या पाण्याने बदलावे, एक दिवस खाणे बंद ठेवावे आणि हवेचा पंप चालू ठेवावा. पुष्कळ वेळा "कीड" एवढ्यानेच निघून जाते. आणि रोग खरोखरच परोपजीवीचा असला, तरी या उपायाने काही बिघडत नाही. उलट माशाला बळ मिळते.

ओळखीचे परोपजीवी

पांढरे ठिपके. माशाच्या अंगावर नि परांवर रवा भुरभुरल्यासारखे बारीक, उंचवट्याचे पांढरे कण दिसले, की हा रोग समजावा. याचे कारण इक्थिऑप्थिरियस नावाचा एकपेशीय जीव. हिवाळ्यात पाणी गार पडले की, किंवा नवे मासे आणल्यावर आठवडाभरात, हा रोग विशेष दिसतो. त्याचे चक्र समजून घेतले नाही तर उपाय फुकट जातो. ठिपका म्हणजे कातडीखाली पोसणारा जीव. तो पुरेसा मोठा झाला की मासा सोडून तळाशी जातो, स्वतःभोवती कवच करतो, आणि आत शेकडो पिले तयार होतात. ही पिले पोहत बाहेर पडतात. उबदार पाण्यात साधारण दोन दिवसांत त्यांना मासा मिळाला नाही तर ती मरतात.

आता लक्षात घ्यावे, की औषध कातडीखालच्या जिवाला लागत नाही आणि कवचातल्यालाही लागत नाही. ते फक्त पोहत्या पिलांना मारते. म्हणूनच "एकदा औषध टाकले, ठिपके गेले, आठ दिवसांनी पुन्हा दुप्पट आले" असे होते. ठिपके पहिल्यांदा गेले ते औषधाने नव्हे, तर जीव खाली उतरले म्हणून गेले. पंचवीस ते अठ्ठावीस अंश सेल्सिअसच्या पाण्यात हे चक्र आठवड्याच्या आतच पुरे होते, तर गार पाण्यात ते कित्येक आठवडे रेंगाळते. तेव्हा उपाय दहा ते चौदा दिवस सलग चालवावा लागतो.

माशाची ऊ. हिला शास्त्रात आर्ग्युलस म्हणतात. ही नुसत्या डोळ्यांना दिसते. मसुराच्या दाण्याएवढी किंवा त्याहून लहान, चपटी, पारदर्शक, हिरवट चकती माशाच्या अंगाला चिकटलेली असते. खवला वाटून आपण दुर्लक्ष करतो, आणि तो खवला चालू लागतो! ही जातीने खेकडा-कोळंबीच्या कुळातली. दोन चूषकांनी ती माशाला धरते, सुईसारख्या सोंडेने टोचते आणि रक्त-रस पिते. टोचल्या जागी लाल डाग पडतो आणि तेथून जखम चिघळते. गोचीड जशी गाय सोडून गोठ्याच्या फटीत अंडी घालते, तशीच ही ऊ मासा सोडून काचेवर, दगडावर, वनस्पतीवर ओळीने अंडी चिकटविते. म्हणून नुसती अंगावरची ऊ काढून भागत नाही. गोठा झाडावा तशी टाकी झाडावी लागते.

नांगर-किडा. शास्त्रीय नाव लर्निया. माशाच्या अंगातून पांढरट-हिरवट दोरा लोंबताना दिसतो. दोऱ्याच्या टोकाला बहुधा दोन बारीक पिशव्या असतात, त्या अंड्यांच्या. हाही कृमी नव्हे, उवेच्याच कुळातला जीव आहे. त्याच्या मादीचे डोके नांगराच्या फाळासारखे मांसात रुतलेले असते. गोल्डफिश आणि कोई कार्प या माशांवर तो अधिक आढळतो.

कल्ल्यांतले चपटे कृमी. हे डोळ्यांना दिसत नाहीत. मासा धापा टाकतो, एक कल्ला मिटून धरतो, अंग घासतो, अंगावर जास्तीची बुळबुळ येते. पण ठिपका नाही, दोरा नाही. अशा वेळी या कृमींचा संशय घ्यावा. यांतली एक जात अंडी घालीत नाही, पिले देते, आणि पिलाच्या पोटात पुढचे पिलू आधीच वाढत असते. लेकीच्या पोटात नात! एवढ्या वेगाने ते वाढतात. दाटीच्या टाकीत त्यांचे फावते. खात्रीचे निदान सूक्ष्मदर्शकाखालीच होते.

लाल जंत. गप्पी, मॉली या माशांच्या शेपटीकडे, गुदद्वारातून लाल धाग्यासारखे टोक डोकावताना दिसले, तर ते पोटातले जंत होत. शेळ्या-मेंढ्यांच्या जंतांवर वापरली जाणारी काही औषधे यावरही चालतात. परंतु शेळीचा डोस वजनावर असतो, माशाचा पाण्याच्या लिटरवर. घरातली बाटली अंदाजाने टाकीत उपडी करू नये. पशुवैद्यकाकडून मात्रा लिहून घ्यावी.

फसविणाऱ्या खुणा

काही खुणा परोपजीवीसारख्या दिसतात, पण तशा नसतात. नर गोल्डफिश माजावर आला, की त्याच्या कल्ल्यांच्या झाकणांवर आणि छातीच्या परांच्या पुढच्या कडेवर पांढऱ्या पुटकुळ्या येतात. मासा खातो-पितो, पळतो, ठिपके इतरत्र पसरत नाहीत. हा रोग नव्हे, हे नराचे लक्षण होय. याला औषध पाजणारे पुष्कळ भेटतात!

जखमेवर कापसाचा पुंजका बसल्यासारखे दिसले तर ती बहुधा बुरशी असते. ती परोपजीवीच्या टोचणीवरही येते. तेव्हा बुरशी दिसली की मूळ जखम कशाची, हे शोधावे. आणि पर कुजून फाटत असतील, तर आधी पाण्याकडे व दाटीकडे पाहावे.

पहिल्या दिवशी काय करावे?

आजारी मासा दिसला, की त्याला वेगळ्या स्वच्छ टबात, त्याच टाकीचे पाणी घालून, हवेचा पंप लावून ठेवावे. ठिपक्यांचा रोग असेल तर मात्र मूळ टाकीतही जंतू पसरलेला असतो, म्हणून उपाय सगळ्या टाकीलाच करावा लागतो.

पुढे टाकीत पाणी किती, याचा हिशेब करावा. ही पायरी बहुतेक जण गाळतात. एक घनफूट म्हणजे सुमारे २८ लिटर. दोन फूट लांब, एक फूट रुंद पेटीत दहा इंच पाणी असेल, तर सुमारे ४७ लिटर होते. तळाच्या वाळूची जागा वजा जाता ४५ धरावे. हा आकडा पेटीच्या मागे चिठ्ठीवर लिहून चिकटवावा. औषधाची कोणतीही मात्रा या आकड्यावर काढायची असते.

गोड्या पाण्यातल्या माशांसाठी पहिला उपाय म्हणजे आपले जाडे मीठ. लिटरला २ ग्रॅम, म्हणजे वरील पेटीला ९० ग्रॅम. ते एकदम टाकू नये. पेटीतलेच पाणी घेऊन त्यात विरघळवावे आणि अर्धे आज, अर्धे बारा तासांनी, असे हळूहळू घालावे. आत जिवंत वनस्पती असतील तर त्या आधी काढाव्यात. मिठाने त्या जळतात. मिशांचे तळमासे टाकीत असतील तर निम्म्याच मात्रेवर थांबावे. मीठ वाफेबरोबर उडत नाही, हे लक्षात ठेवावे. पाणी आटले म्हणून भर घालायची तर साध्या पाण्याची घालावी. पाणी बदलले, तर बदललेल्या पाण्यापुरतेच नवे मीठ घालावे. नाहीतर चार दिवसांत टाकीचे खारे पाणी व्हायचे.

ठिपक्यांच्या रोगात मिठाच्या जोडीला ऊब द्यावी. गप्पी, मॉली, एंजल यांच्या टाकीला हीटर लावून, तासाला एक अंश याप्रमाणे, पाणी २९ ते ३० अंशांपर्यंत न्यावे. उबेने जंतूचे चक्र वेगाने फिरते आणि पोहती पिले लवकर बाहेर पडतात. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, म्हणून हवेचा पंप रात्रंदिवस चालवावा. वीज जाण्याचा भरवसा नाही अशा गावी बॅटरीवर चालणारा लहान पंप जवळ असावा. गोल्डफिश हा थंड पाण्याचा मासा. त्याला एवढी ऊब सोसण्यास जड जाते, तेव्हा त्याच्या बाबतीत बेताने घ्यावे. रोज तळाची घाण नळीने ओढून काढावी, कारण कवचातले जंतू तेथेच असतात. नळीने पाणी ओढताना तोंड लावू नये. शेवटचा ठिपका गेल्यावरही उपाय आणखी चार-पाच दिवस चालू ठेवावा.

ऊ आणि नांगर-किडा यांना हातानेच काढणे उत्तम. मासा ओल्या फडक्यात धरावा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरची बुळबुळ निघते आणि तीच त्याची ढाल असते. बोथट चिमट्याने ऊ हलकेच उचलावी. नांगर-किडा अगदी अंगालगत धरून सावकाश ओढावा, म्हणजे डोके आत तुटत नाही. जखमेवर पातळ केलेले पोव्हिडोन आयोडीन कापसाने टिपावे. ते कल्ल्यात जाऊ देऊ नये. हे सारे अर्ध्या मिनिटात उरकावे. काढलेले किडे मिठाच्या कडक पाण्यात मारावेत, ओट्यावर झटकून टाकू नयेत. त्यानंतर टाकी रिकामी करून, दगड-जाळ्यांसह धुऊन, कडक उन्हात पूर्ण वाळवावी. उवेची अंडी उबदार पाण्यात पंधरा दिवसांपासून महिनाभरात फुटतात. म्हणून पुढचा महिनाभर दर आठवड्याला मासे पुन्हा तपासावेत.

चपट्या कृमींचा संशय असेल तर गोल्डफिश, गप्पी, मॉली यांना मिठाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवता येते. दहा लिटर पाण्यात १०० ग्रॅम मीठ, वेळ पाच ते दहा मिनिटे. पाणी टाकीतल्याइतकेच उबदार असावे. माणसाने तेथून हलू नये. मासा कलंडू लागला की घड्याळ न पाहता त्याला साध्या पाण्यात सोडावे.

एवढ्याने न भागल्यास दुकानातले औषध घ्यावे, पण एका वेळी एकच, आणि वेष्टनावर लिहिलेल्या मात्रेनेच. औषध चालू असताना गाळणीतला कोळसा काढून ठेवावा, नाहीतर औषध तोच शोषून घेतो.

काय करू नये?

शेतातले कीटकनाशक "थेंबभरच" म्हणून टाकीत टाकू नये. उवेवर काही ठिकाणी अशी औषधे वापरली जातात हे खरे. पण ऊ मरण्याची मात्रा आणि मासा मरण्याची मात्रा यांत अंतर फार थोडे असते. फॉर्मालिनही अंदाजाने वापरू नये. ते पाण्यातला प्राणवायू कमी करते आणि माणसाच्या डोळ्यांना व श्वासाला घातक आहे. मॅलॅकाइट ग्रीन हा रंग शोभेच्या माशांच्या काही औषधांत असतो. खाण्याच्या माशांसाठी त्याला मनाई आहे. अशी बाटली उघड्या हाताने हाताळू नये व पोरांच्या हाती लागू देऊ नये.

या लेखातल्या किड्यांपैकी ऊ, नांगर-किडा व पांढऱ्या ठिपक्यांचा जंतू माणसाला लागत नाहीत. तरीही टाकीच्या पाण्यातले काही जीवाणू हाताच्या जखमेतून शिरून बरी न होणारी गाठ निर्माण करू शकतात. हाताला कापले असेल तर टाकीत हात घालू नये, आणि काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत. अशी गाठ आलीच, तर डॉक्टरांना "मासे पाळतो" हे आवर्जून सांगावे.

नवी शेळी, नवा मासा

बाजारातून आणलेली शेळी शहाणा माणूस थेट कळपात सोडीत नाही. चार दिवस वेगळी बांधतो, तिचे खाणे-लेंडी पाहतो, मग मिसळतो. माशाला हाच न्याय लावावा. नवा मासा निदान तीन आठवडे वेगळ्या टबात ठेवावा. टबाची जाळी वेगळी, बादली वेगळी. या तीन आठवड्यांत ठिपके, ऊ, दोरे जे काही यायचे ते बहुधा दिसून येते, आणि ते एका टबात आटोपते. पिशवीतले दुकानाचे पाणीही आपल्या टाकीत ओतू नये; मासा तेवढा जाळीने उचलून घ्यावा.

ओढ्या-तळ्यातल्या वनस्पती किंवा जिवंत खाद्य आणून थेट टाकीत घालण्याचाही मोह टाळावा. त्यांच्याबरोबर उवेची अंडी आणि जळवा येतात. वनस्पती आणल्याच, तर त्याही मासा नसलेल्या टबात तीन-चार आठवडे ठेवून मग लावाव्यात. खाणे दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच घालावे. मासे दाटू देऊ नयेत. चांगल्या पाण्यात, मोकळ्या जागेत वाढलेला मासा चार परोपजीवी अंगावर सोसून नेतो. दाटीतला, घाणीतला मासा त्याच चारांनी मरतो.

काचपेटीतून शेततळ्यात

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. काचपेटीचा कंटाळा आला, मुले शिकायला बाहेर गेली, किंवा गोल्डफिश फार मोठा झाला, की पुष्कळ घरांत तो मासा "जगेल बिचारा" म्हणून शेततळ्यात किंवा विहिरीत सोडतात. भावना चांगली असते, परंतु परिणाम वाईट होतो. गोल्डफिश आणि कोई हे कार्प कुळातले मासे. आपल्या शेततळ्यातले रोहू, कटला, मृगळ हेही त्याच कुळातले. एकाची ऊ दुसऱ्याला सहज लागते. पेटीत आठ मासे असतात, ते हातात धरून ऊ काढता येते. शेततळ्यातल्या हजार-दोन हजार रोहूंना कोण हातात धरणार?

शेततळ्यात ऊ पडली, की मासे कडेला येऊन अंग घासतात, पाण्याबाहेर उड्या घेतात, वाढ खुंटते, आणि लाल डागांचा मासा बाजारात कोणी घेत नाही. उन्हाळ्यात पाणी आटून मासे दाटले, की हा त्रास वाढतो. वर्षाचे बोटुकली-खाद्याचे पैसे त्यात अडकलेले असतात. तेथे एक बिनविषारी उपाय करता येतो. तळ्यात बांबू किंवा लाकडी फळ्या उभ्या-आडव्या बुडवून ठेवाव्यात. ऊ त्यांच्यावर अंडी घालते. दर आठवड्याला त्या बाहेर काढून, खरवडून, उन्हात कडक वाळवून पुन्हा सोडाव्यात. जाळे टाकून दाटी कमी करावी. मासे काढून झाल्यावर तळे पूर्ण सुकवावे. एवढे करूनही न आटोपल्यास तज्ज्ञांना विचारूनच औषध वापरावे; कारण हा मासा कुणाच्या तरी ताटात जायचा असतो.

टाकी धुतलेले पाणीही ओढ्यात वा तळ्यात सोडू नये. ते झाडांच्या आळ्यात ओतावे. औषधाचे किंवा मिठाचे पाणी मात्र पिकाला घालू नये. ते पडीक, कोरड्या जागी जिरवावे.

मासा तपासायला कसा न्यावा?

डोळ्यांना काही दिसत नाही आणि मासे तर मरताहेत, अशा वेळी सूक्ष्मदर्शकाची मदत घ्यावी. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी विचारावे. याखेरीज शिरगाव-रत्नागिरी, नागपूर व उदगीर येथे मत्स्य महाविद्यालये आहेत. मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयातूनही योग्य जागा कळते. नेताना मेलेला मासा नेऊ नये. मासा मेला की अंगावरचे पुष्कळ परोपजीवी थोड्या वेळात निघून जातात आणि तपासणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. आजारी पण जिवंत मासा, पिशवीत एक भाग पाणी नि दोन भाग हवा भरून, सावलीतून न्यावा. वेगळ्या स्वच्छ बाटलीत टाकीचे पाणी घ्यावे. आणि एका कागदावर लिहून न्यावे : टाकी किती लिटरची, मासे किती, नवा मासा कधी आणला, पाणी कधी व कोणते बदलले, कोणते औषध किती टाकले. या पाच उत्तरांतून अर्धे निदान होते.

मासा मुका आहे, पण तो खुणा करतो. खाणे घालताना रोज दोन मिनिटे त्याच्याकडे पाहणारे माणूस घरात असले, आणि नव्या माशासाठी एक टब कोपऱ्यात रिकामा ठेवलेला असला, तर औषधाच्या बाटलीवर धूळ साचते. ती तशी साचलेलीच बरी.